तेनांगो भरतकामाची सुरुवात करताना

मेक्सिकोतील इदाल्गो राज्यातल्या ओतोमी लोकांचे तेनांगो भरतकाम शिकण्याची आपली इच्छा वाचून आनंद झाला. १९६०च्या दशकात दुष्काळाने शेती बुडाल्यावर तेनांगो दे दोरिया परिसरातील बायकांनी विक्रीसाठी सुरू केलेली ही कला आहे. ती प्राचीन असल्याचे सांगणाऱ्यांवर विसंबू नका.

प्रारंभी पुढील गोष्टी पुरेशा आहेत.

१. साधा मांजरपाट घ्या आणि तो आधी धुऊन आटवून घ्या. मी ते टाळले होते. पहिल्याच धुण्यात कापड आटले आणि माझ्या मोराच्या पिसाऱ्याला चुण्या पडल्या.

२. टाका एकच शिका: दाट हेरिंगबोन. दोरा आकृतीच्या एका कडेवरून तिरपा दुसऱ्या कडेला न्यावा, तेथे सुई मागच्या दिशेने कापडाचे जेमतेम दोन-तीन धागे उचलून वर काढावी आणि पुन्हा पहिल्या कडेकडे वळावे. त्यामुळे रंग सगळा पुढे राहतो आणि मागे बारीक टाक्यांच्या दोन समांतर ओळीच दिसतात. मागची बाजूही भरलेली दिसली, तर तो साटीन टाका झाला असे समजावे.

३. दोरा ताणून ओढू नका. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच.

पहिल्या कामासाठी एकच पक्षी, एकाच रंगात, पुरे. रंगसंगतीचा विचार नंतर करू. मात्र तेथील कारागिरांची रेखाटने जशीच्या तशी उतरवून विकू नयेत.