वाचकांचे प्रश्न : उकरलेला कचरा कोणाचा?

प्रश्न : मेटल डिटेक्टर घेऊन उत्तनच्या किनाऱ्यावर जातो. निघतात ती बाटल्यांची बुचं, फॉइल आणि खिळेच. कचऱ्याचा आवाज सेटिंगमधून बंद केला तर? आणि निघालेला कचरा त्याच खड्ड्यात पुरला तर काय बिघडतं?
(एक वाचक, मीरा रोड)

उत्तर : आवाज बंद होतो, पण त्याच्याबरोबर अंगठीही हुकते. चॉकलेटची चांदी आणि नाजूक सोन्याची अंगठी यांचे आकडे पडद्यावर जवळजवळच येतात. यंत्राला धातूची किंमत कळत नाही. त्यातून वीज किती सहज वाहते आणि वस्तूचा आकार केवढा, एवढंच कळतं. लोखंड गाळायचं म्हटलं तर आपली अलीकडची एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची, लोहचुंबकाला चिकटणारी. बरीच यंत्रं त्यांना खिळ्यांत जमा करतात. परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग लावणाऱ्यांचं इथेच फसतं. बूच मात्र बऱ्याचदा ओळखता येतं. कॉइल (दांड्याच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती) जरा उचलून आधी डावी-उजवीकडे, मग मागे-पुढे फिरवा. नाण्याचा आकडा दोन्हीकडून साधारण तोच राहतो, बुचाचा उड्या मारतो आणि मध्येच घरघर ऐकू येते.

पुरण्याचं म्हणाल तर अजिबात नको. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात आणि पुरलेला गळ किंवा ब्लेड उघडं पडतं. त्याच वाळूवर पोरं अनवाणी खेळतात, कोळणी मासळी सुकवतात. (बोंबील सुकवायच्या वलांड्यांखाली, म्हणजे बांबूंच्या मांडवाखाली, तर विचारल्याशिवाय कॉइल फिरवूच नये. तो त्यांचा कामाचा ओटा आहे.) एकदा बाहेर काढलेलं तुमचं, मग ते काहीही असो.

कमरेला दोन कप्प्यांची पिशवी बांधा. जाळीचा कप्पा कचऱ्याला, म्हणजे वाळू वाटेतच गळते, आणि चेनचा कप्पा कामाच्या वस्तूंना. गळ, सुया, ब्लेड यांच्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा हवा, कॅरीबॅग चालत नाही. रबरी तळव्याचे जाड हातमोजे घाला आणि उकरलेला खड्डा पुढचं पाऊल टाकण्याआधी बुजवा.

घरी आल्यावर सगळं बादलीत धुवा, वाळूने भरलेला माल भंगारवाला घेत नाही. मग चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड, बाकीच्यातून ॲल्युमिनियम आणि पितळ निवडून वेगळं ठेवा. पुड्या आणि फॉइल सुक्या कचऱ्यात जातात. जाळ्यांची शिशाची वजनं मिसळू नका आणि ती हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. फुगलेले, गळलेले सेल सुक्या कचऱ्यात गेले तर घंटागाडीत पेट घेऊ शकतात. टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा संकलनात द्या. धारदार वस्तूंच्या डब्याचं झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत ‘धारदार’ लिहा, कारण पुढे हा कचरा कुणीतरी हातानेच निवडणार असतं.

प्रश्न : नेरूळच्या आमच्या सोसायटीत हिरवळीत सोन्याची कुडी पडली आहे. सेक्रेटरी म्हणतात, लॉन उकरलं तर खबरदार!
(एक वाचक)

उत्तर : त्यांचं बरोबर आहे, आणि उकरायची गरजही बहुधा पडणार नाही. नुकती पडलेली वस्तू गवताच्या बुंध्याशी असते. आधी दुसऱ्या कानातली कुडी मागून घ्या, ती गवतावर ठेवून कॉइल फिरवा आणि आकडा टिपून ठेवा. मग जमिनीला समांतर, सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येईल अशी कॉइल फिरवा. जागा सापडली की पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) आणि बोटं पुरतात.

तुमची बाग पोडियमवर, म्हणजे इमारतीच्या स्लॅबवर माती टाकून केलेली असेल तर खालच्या स्लॅबच्या सळ्यांमुळे यंत्र सतत ओरडेल. संवेदनशीलता कमी करा, लहान कॉइल लावा. कापायची वेळ आलीच तर तीन बाजूंनी 8 ते 10 सेंटिमीटर खोल काप द्या, चौथी बाजू जोडलेली ठेवून झाकणासारखी उलटा. माती गोणपाटावर काढा, परत भरा, पायाने दाबा आणि मगभर पाणी घाला. एप्रिल-मेमध्ये कापू नका, मुळं वाळून तेवढा चौकोन पिवळा पडतो. बागेतल्या दिव्यांची वायर कुठून जाते ते माळ्याला आधीच विचारा.

प्रश्न : अंबरनाथच्या शिवमंदिराभोवती किंवा येऊरला गेलं तर चालेल?
(एक वाचक, कळवा)

उत्तर : नाही. मंदिर केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, तिथे 1958 चा स्मारक कायदा लागू होतो. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. ठाणे खाडीचाही नाद सोडा. तिथे 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि कांदळवनातल्या चिखलात रुतलात तर भरती थांबत नाही.

प्रश्न : किनाऱ्यावर सोनं किंवा जुनी नाणी मिळाली तर?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आजकालची अंगठी सरळ पोलीस ठाण्यात द्या, स्वतःकडे ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय मिळालं, कुठे, कोणत्या तारखेला, हे त्यात हवं. शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. ते चिंच-लिंबाने घासू नका, अक्षरं कायमची जातात.