उरलेले थेंब, रात्रीचा कान आणि दुखायची थांबलेली दाढ

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या मिस्टरांचा उजवा डोळा चार दिवसांपासून लाल आहे. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरले होते, तेच घातले. लाली बरीच उतरली, पण आता त्यांना उजेड सहन होत नाही आणि अंधुक दिसतं म्हणतात. थेंब चालू ठेवू का?

उत्तर : ताई, थेंब बंद करा आणि आजच नेत्रतज्ज्ञांकडे जा. जाताना ती बाटली बरोबर न्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइडने लाली उतरते, मग ती कशानेही आलेली असो. त्यामुळे डोळा बरा होतोय असं वाटतं. पण बुबुळावर हर्पीसच्या विषाणूची जखम असेल, तर स्टेरॉइड डोळ्याची प्रतिकारशक्ती दाबतं आणि जखम पसरते, खोल जाते. तपासताना डोळ्यात नारिंगी रंगाचा थेंब घालून निळा प्रकाश टाकतात. निरोगी बुबुळावर काही उमटत नाही. हर्पीसची जखम असेल तर झाडाच्या बारीक फांदीसारखी हिरवी रेघ चमकते. साध्या डोळ्यांनी ती सहसा दिसत नाही. म्हणून आत काय आहे हे न बघता स्टेरॉइड घालायला माझा ठाम विरोध आहे. शिवाय हे थेंब आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

लाल डोळा घेऊन कुणी आलं की मी आधी तीन गोष्टी विचारते. डोळा खरोखर दुखतोय की नुसता खुपतोय? उजेडाचा त्रास होतो का? चांगला डोळा झाकून, लाल डोळ्याने पूर्वीइतकं वाचता येतं का? दुखणं, उजेड न सोसणं आणि नजर कमी होणं, यांतलं एक जरी असलं तरी मी स्वतः थेंब लिहून देत नाही, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर यांतलं काही नसलं तरी पाठवते.

साधे डोळे आले असतील तर खुपतं, पाणी येतं, चिपडं धरतात, पण पुसल्यावर स्वच्छ दिसतं. ते बहुधा विषाणूमुळे येतात आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप जातात. गार पाण्याच्या घड्या, वेगळा टॉवेल आणि वारंवार हात धुणं एवढं पुरतं. आणि घरातली उघडलेली थेंबांची बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्या, ती कुणाचीही असो.

प्रश्न : माझा चार वर्षांचा मुलगा सर्दीत रात्री कान धरून रडतो. आई म्हणते, कोमट तेल घाल. मला वाटतं, लगेच अँटिबायोटिक सुरू करावं.

उत्तर : यांतलं काहीच आधी नको. आधी त्याचं दुखणं थांबवा. वजनाच्या हिशेबाने पॅरासिटामॉल द्या : एका किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, २४ तासांत जास्तीत जास्त चार वेळा. सिरपच्या बाटलीवर किती मिलीमध्ये किती मिलिग्रॅम ते नीट वाचा, कारण वेगवेगळ्या बाटल्यांत ते वेगळं असतं. तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाईल, आणि नसेल तर पडद्यामागच्या ठणक्यापर्यंत ते पोचतच नाही.

या वयातली बहुतेक मुलं दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकशिवाय सुधारतात. तीन दिवसांत उतार नसेल, कानातून पू आला किंवा मूल मलूल झालं, तर दाखवा. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र वाट न बघता दाखवा. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तर थेट रुग्णालयात न्या. ठणका गेल्यावरही पडद्यामागे काही आठवडे पाणी राहू शकतं. तीन महिन्यांनंतरही त्याला कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर श्रवणचाचणी करून घ्या.

प्रश्न : दाढ ठणकली की मी मागच्या चिठ्ठीवरच्या अँटिबायोटिक गोळ्या आणतो. आता तर दुखणं पूर्ण थांबलंय. तरी डेंटिस्ट रूट कॅनालच म्हणतात. गरज आहे का?

उत्तर : हो, आहे. दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली, हा समज मला फार काळजीत टाकतो. दाढेच्या आतला मऊ गर सुजला की त्याला फुगायला जागा नसते, म्हणून एवढा ठणका लागतो. पुढे दाबाने रक्तपुरवठा तुटतो, गर मरतो आणि नसही मरते. दुखणं त्यामुळे थांबतं, जंतू मात्र आतच राहतात. रक्तच पोचत नाही तिथे गोळीही पोचत नाही. म्हणून दाढ आतून साफ तरी करावी लागते, नाहीतर काढावी लागते.

तोवर वेदनेसाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल मिळून चांगला आराम देतात. पण अल्सर, किडनीचा आजार, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील तर आयबुप्रोफेन नको. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी दाबून धरू नका, तिने हिरडी भाजते. जबड्याखाली सूज पसरली, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकू लागला, तर दवाखाना उघडायची वाट न बघता रुग्णालय गाठा, मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

प्रश्न : शाळेत पडून मुलाचा पक्का दात मुळासकट निघाला तर काय करावं?

उत्तर : दात वरच्या पांढऱ्या भागाने उचला, मुळाला हात लावू नका. मळला असेल तर काही सेकंद धुवा, घासू नका. मूल शुद्धीवर असेल तर लगेच जागेवर बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्या. जमत नसेल तर दात दुधात बुडवून डेंटिस्टकडे धावा, शक्यतो अर्ध्या तासात. दुधाचा दात असेल तर तो परत बसवू नका, कारण खालच्या पक्क्या दाताला इजा होते.