‘केस्क से’ची फोड आणि आपला ‘का’

प्रश्न असा आहे: फ्रेंचच्या पुस्तकात ‘केस्क से?’चा अर्थ ‘व्हॉट इज इट?’ दिलाय. पण लिहिलेलं बघितलं तर ही लांबलचक माळ: Qu'est-ce que c'est? त्यात ‘व्हॉट’ कुठला आणि ‘इज’ कुठला?

इंग्रजीवर बोट ठेवून शब्द जुळवायला गेलं की घोटाळा होणारच. सुटे करून बघा: क, ए, स, क, स, ए. म्हणजे ‘काय’, ‘आहे’, ‘ते’ आणि मग पुन्हा ‘जे’, ‘ते’, ‘आहे’. तीनच शब्द, दोन-दोनदा. शब्दशः अर्थ ‘काय आहे ते, जे ते आहे?’ बोलताना मात्र सगळं तीन अक्षरांत उरकतं.

यातला मधला ‘एस्क’ नीट कळला की अर्धी लढाई जिंकली. इंग्रजीत त्याला ‘इज इट दॅट’ म्हणतात, आणि ते वाचून कुणालाच काही कळत नाही. मराठीत तो सरळ आपला ‘का’ आहे. ‘त्यु व्ह्यें’ म्हणजे ‘तू येतोस’. ‘एस्क त्यु व्ह्यें?’ म्हणजे ‘तू येतोस का?’ आपण ‘का’ शेवटी लावतो, ते ‘एस्क’ आधी लावतात, एवढाच फरक. नुसता सूर चढवून ‘त्यु व्ह्यें?’ विचारलं तरी चालतं, जसं आपलं ‘येतोस?’ उलटवलेलं ‘व्ह्यें-त्यु?’ जरा पुस्तकी.

‘नेस पा?’ म्हणजे ‘हो ना?’ किंवा ‘नाही का?’ ‘पुर्क्वा?’ची फोड ‘पुर’ अधिक ‘क्वा’, म्हणजे अक्षरशः ‘कशासाठी’. रडणाऱ्या पोराला ‘केस्किल्या?’ विचारतात, ते आपलं ‘काय झालं रे?’

नुसतं ‘क्वा?’ मात्र जपून. समोरच्याचं ऐकू आलं नाही म्हणून तसं विचारलंत, तर ते आपल्या तुसड्या ‘काय?’सारखं लागतं. त्यापेक्षा ‘कॉमां?’ म्हणावं. त्याचा अर्थ खरा ‘कसं?’, पण इथे ‘काय म्हणालात?’

उत्तरातही एक गंमत आहे. ‘तू येणार नाहीस?’ असं नकारार्थी विचारलं आणि तुम्ही येणार असाल, तर फ्रेंच माणूस ‘वी’ (नेहमीचं ‘हो’) म्हणत नाही, ‘सी’ म्हणतो. इंग्रजीत यासाठी वेगळा शब्द नाही. आपल्याकडे ‘येणार की!’मधला ‘की’ हेच काम करतो.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न मात्र आता प्रश्न उरलेलाच नाही. ‘कां दिरातों’, म्हणजे ‘त्याबद्दल लोक काय म्हणतील’. मधल्या ‘त’ला काही अर्थ नाही, दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून तो घुसवलाय. या अख्ख्या वाक्याचं फ्रेंचांनी नाम केलं, तेही पुल्लिंगी. त्याला घाबरता येतं, त्याची पर्वा न करता जगताही येतं. आपल्याकडे ‘लोक काय म्हणतील’ घरोघरी असून आपण मात्र त्याचा अजून एक शब्द केला नाही.