बुरूज ढासळू द्या

प्रश्न : आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. ठोकळ्यांचा संच आणला की पुस्तिकेत बघून तासाभरात जोडून टाकतो. तेच ठोकळे मोडून पुढ्यात ठेवले की मात्र 'आई, काय करू?' म्हणून विचारतो. यंदा दिवाळीला दोन आठवडे ठाण्यात सासरी येतोय. तेवढ्यात काही करता येईल का?

उत्तर : आधी काळजी सोडा, तुमच्या मुलात काही कमी नाही. पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे जोडलं की वस्तू होतेच, आणि चुकलं तर कुठे चुकलं तेही चित्रच सांगतं. मग विचारायला उरतं काय? हातातली वस्तू ऐकेनाशी झाली की मुलांना प्रश्न पडायला लागतात. दिवाळीत येताच आहात, तर त्याला किल्ला करू द्या.

घर नौपाड्यात असो की घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये, पार्किंगचा एखादा कोपरा मिळतोच. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलून ठेवायला सासऱ्यांना आत्ताच सांगा. तुटक्या विटा, दोन गोणपाटं, नर्सरीतून लाल मातीच्या दोन-तीन पिशव्या आणि मूठभर अळीव एवढं सामान पुरतं. मावळे जांभळी नाक्याच्या बाजारातून आणा, पण अगदी शेवटी. ते आधी हातात आले की मुलं त्यांच्याशीच खेळत बसतात आणि किल्ला राहतो बाजूला. बाजारात तयार किल्लाही मिळतो, तो कृपा करून घेऊ नका.

माती त्यालाच कालवू द्या. पहिल्यांदा पाणी जास्तच होणार. चिखल विटांवरून ओघळून खाली येईल. मग तो कोरडी माती ओतेल, तर गोळा फुटायला लागेल. तेव्हा बिल्डिंगमधलं कुणी मोठं पोर म्हणेल, 'अरे, गोणपाट चिखलात बुडव आणि वरून पांघर.' चिखल गोणपाटावर टिकतो आणि नुसत्या विटेवरून घसरतो, असं का? त्याने विचारलं तर लगेच उत्तर देऊ नका. 'हात फिरवून बघ बरं दोन्हीवर' एवढंच म्हणा.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. माझी नात टोरांटोहून आली होती, नऊ वर्षांची. तिचा बुरूज संध्याकाळपर्यंत तीनदा घसरला. रात्री जेवणं झाल्यावर मी खाली गेले, बुरूज नीट लिंपला, वरून गेरू फिरवला. सकाळी तिने बघितलं. 'आजी, हा तू केलास ना?' एवढंच विचारलं आणि वर निघून गेली. त्या किल्ल्याला तिने पुन्हा हात लावला नाही. बुरूज का घसरतो हे ती शोधत होती, जवळजवळ पोचली होती, आणि ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. मला ते अजून टोचतं.

अळीव मात्र तुम्ही जवळ बसून पेरा, कारण यात गंमत आहे. वाटीत पाणी घालून अळीव भिजवले की थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो. त्याला तो दाणा बोटावर घेऊ द्या. मग किल्ल्याच्या एका उतारावर मोहरी टाकायची आणि दुसऱ्यावर भिजलेले अळीव. मोहरी घरंगळत खाली जाते, अळीव चिकटून बसतात. दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पण डोंगर हिरवा व्हायला आणखी थोडे दिवस लागतात. म्हणून वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधीच कामाला लागा.

आणखी एक गोष्ट, आणि परदेशातल्या घरांसाठी मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कालवणं, थापणं, लिंपणं, चाळणं, निथळणं हे शब्द रविवारच्या मराठी वर्गात वहीत उतरवून येत नाहीत. हाताला चिखल असताना कुणीतरी ओरडतं, 'ए, पातळ झालंय, अजून माती घाल,' आणि शब्द आपोआप तोंडात बसतो. फक्त एक करा, बिल्डिंगमधल्या पोरांना 'त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोला' असं सांगायला जाऊ नका.

खरा किल्ला बघायचा तर घोडबंदरचा जवळ आहे, खाडीकाठी. पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ साली मराठ्यांनी घेतला. आपला किल्ला अर्धा झाल्यावर न्या. तोवर भिंत उभी करणं किती अवघड असतं हे त्याच्या हाताला कळलेलं असेल, त्यामुळे तो तिथले दगड वेगळ्याच नजरेने बघेल.

परत गेल्यावर तिकडे थंडी आणि पाऊस, माती शक्य नाही. त्या दिवसांसाठी अरविंद गुप्तांची खेळणी आहेत. आयआयटी कानपूरला शिकलेल्या या माणसाने टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही भरपूर आहे आणि सगळं फुकट. गुल काढलेल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घेऊन सुरुवात करा. चार काड्यांचा चौकोन जोडला की तो लुळा पडतो, कसाही वाकतो. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो. चौकोन ताठ करायचा तर काय करावं लागेल, हे त्याला सुचेपर्यंत थांबा. एक दिवस लागो, नाहीतर आठवडा.

निघताना तो किल्ल्याची माती बरोबर न्यायचा हट्ट धरेल. माती आणि पेरायचं बी तिकडे नेऊ नका, झाडांच्या रोगांमुळे त्यावर कडक निर्बंध आहेत. अळिवाचं बी तिथेच 'क्रेस' नावाने मिळतं. तिकडची मुलं ते ओल्या कापसावर उगवतात, त्यामुळे त्याला शाळेत सांगायलाही एक गोष्ट होईल. मावळे मात्र न्या. एकेक मोज्यात घालून, हातातल्या बॅगेत.