संघर्षग्रस्त भागातल्या छोट्या शेतकरी बायांना प्रशिक्षण द्यायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की संस्थेनं नक्षलग्रस्त तालुक्यांतल्या अल्पभूधारक महिलांच्या शेती प्रशिक्षणाचं काम अंगावर टाकलंय, पैसा आहे, पण सुरुवात कुठून करावी ते उमगत नाही. मी शेतीची पदवीधर आहे आणि गडचिरोलीत, एटापल्ली-भामरागडकडे, हेच काम केलंय. त्यामुळे सांगते ते तिथलं. मणिपूरला किंवा काश्मीरला ते जसंच्या तसं चालेल असं मी म्हणणार नाही.

आपल्याला गावात पोहोचता येणारच नाही, असं धरून आखणी करा. बाकी सगळं त्यानंतर.

कॅलेंडर उघडून बघा. 28 जुलै ते 3 ऑगस्ट हा नक्षल्यांचा शहीद सप्ताह. धानाची रोवणी ऐन भरात असते ती नेमकी तेव्हाच. 2 ते 8 डिसेंबर पीएलजीए (नक्षल्यांची सशस्त्र सेना) सप्ताह, म्हणजे मळणी आणि विक्रीचे दिवस. या आठवड्यांत एसटी आत जात नसे, बाजार भरत नसे, भाड्याची गाडी मिळत नसे. त्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तसाही तुटतो, त्याला कुणी बंद पुकारायची गरज नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल्यांचा बडा नेता भूपती साठेक साथीदारांसह शरण आला, तेव्हापासून वातावरण बरंच निवळलंय. पण बायांच्या मनातली धास्ती एका बातमीनं जात नाही. कोण आलं, कुणाच्या गाडीतून आलं, आपण कुणाशी बोललो आणि ते कुणी पाहिलं, हा हिशेब अजून चालूच असतो.

म्हणून शिकवणारी बाई गावातलीच हवी. ‘उमेद’ या सरकारी ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कृषी सखी, पशुसखी गावोगावी असतात, त्यांच्यापासून सुरुवात करता येते. निवडताना मात्र दहावी पासची अट घालून बसू नका. जिच्या बांधीतलं (धानाच्या शेतातलं) पीक बाकीच्या बाया येता-जाता थांबून बघतात, ती शोधा. तिला माडिया, म्हणजे तिथल्या आदिवासींची भाषा, बोलता आलीच पाहिजे. चंद्रपूर-नागपूरकडचा तज्ज्ञ शुद्ध मराठीत तासभर बोलला तर बाया माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जातात.

वेळही त्यांचीच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोह वेचायचा असतो, मे महिन्यात तेंदूपानं. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून घेतलेल्या शिबिरात रिकाम्या खुर्च्या दिसतात त्या यामुळे. जानेवारी-फेब्रुवारी बरा, आणि जूनचा पहिला आठवडा बियाण्यासाठी.

विषय कोणता घ्यायचा? रोवणी कशी करायची हे त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांची हयात त्यात गेलीय. त्याच दिवशी हातानं करून बघता येईल असं काही घ्या. मी बीजप्रक्रियेपासून सुरुवात करायचे: दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ. तराजू नसतो, म्हणून लिटरच्या बाटलीनं दहा बाटल्या पाणी घमेल्यात आणि किलोच्या मिठाच्या पुड्याचे तीन वाटे करून त्यातला एक. थोडं जास्त होतं, चालतं. धान ओतून ढवळलं की पोचट दाणे वर येतात. घरचंच बियाणं असतं, त्यामुळे वर किती आलं हे बघायला बाया घमेल्यावर वाकतात. ‘एवढं आपण दरवर्षी खारीत (रोपांच्या वाफ्यात) फेकत होतो?’ हा प्रश्न त्याच एकमेकींना विचारतात, आपण गप्प राहावं. वरचं काढून कोंबड्यांना, खालचं दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. पुढच्या वर्षी हे करायला तुमची गरज पडत नाही.

धान लावायच्या ‘श्री’ (SRI) पद्धतीचं मात्र मी सगळीकडे कौतुक करणार नाही. आठ-बारा दिवसांचं एकेक रोप 25 सेंटिमीटरवर लावायचं म्हणजे पाणी हाताशी हवं, सोडता-अडवता यायला हवं. कोरडवाहू बांधीत पाऊस लांबला की सगळा डाव फसतो, आणि मग नवीन काही करू म्हटलं की बाया तोंड फिरवतात.

कोंबड्या आणि शेळ्या विसरू नका. धानाचा पैसा बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात जातो, कोंबडीचा बाईच्या. मानमोडीची (राणीखेत रोगाची) साथ आली की टोल्यावरच्या (पाड्यावरच्या) कोंबड्या पटापट मरतात. लस स्वस्त आहे, अडतं ते बर्फावर आणि वेळेवर. कुपी एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणजे आख्ख्या टोल्याच्या कोंबड्या पहाटे खुराड्यातून सुटण्याआधीच धरायला हव्यात. पशुसखीला थर्मास द्या आणि काम पावसाळ्याआधी उरका.

आता कागद. माझ्या मते अर्धं प्रशिक्षण कागदाचं असावं. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खातेदारांत बाया साधारण 14 टक्केच होत्या. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर धान घालायचा तर जमिनीचा कागद लागतो, आणि त्यावर नाव नवऱ्याचं. पण वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 4(4) प्रमाणे लग्न झालेल्यांचा वैयक्तिक पट्टा दोघांच्या नावे द्यायचा असतो. कित्येक बायांनी आपला पट्टा उघडूनच पाहिलेला नसतो, तो पेटीत तळाशी असतो. एक दिवस फक्त पट्टे आणायला सांगा आणि एकेकीला तिचं नाव कुठे आहे, आहे की नाही, ते दाखवा. लक्ष्मी मुक्ती योजनेत पत्नीचं नाव सातबाऱ्यावर चढवता येतं तेही सांगा, पण ते नवऱ्यांसमोर, गावसभेत. एकट्या बाईच्या कानात सांगितलंत तर घरी भांडण तिला झेलावं लागतं.

जागेबद्दल: पोलिसांच्या ‘दादालोरा खिडकी’तून जातीचे दाखले, योजनांचे अर्ज अशी कामं होतात, बाया जातातही. पण तुमचं प्रशिक्षण ठाण्याच्या आवारात घेऊ नका, सोयीचं असलं तरी. समाजमंदिर, शाळा किंवा कुणाची तरी बांधी. आणि आधी गावसभेत सगळ्यांदेखत सांगा की कोण येणार, किती दिवस, पैसे कुणाचे. गुपचूप काही केलंत की पोलीस आणि नक्षली, संशय दोन्हीकडून येतो.

शेवटचं, फोटोंचं. देणगीदार हजेरीला जिओटॅग केलेला फोटो मागतात. बॅनरखाली ओळीनं उभ्या केलेल्या बायांची तोंडं आणि गावाचं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणं तिथं धोक्याचं ठरू शकतं. करारातच लिहून घ्या की फोटो हातांचे, पिकाचे, घमेल्याचे असतील आणि हजेरीपट संस्थेतच राहील. आधी नाही ठरवलंत तर मार्चमध्ये तुमच्याच वरिष्ठांशी वाद घालत बसाल.