छोट्या विमानाचा रंग जपताना : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले प्रश्न लहान, पिस्टन इंजिनाच्या विमानाचा बाहेरचा पृष्ठभाग धुणे, पुसणे आणि टिकवणे याविषयी आहेत.

प्रश्न : मोटारीसाठी आणलेला शाम्पू आणि प्रेशर वॉशर घरात आहेत. त्यांनीच विमान धुतले तर चालेल का?

उत्तर : शाम्पू चालेल, प्रेशर वॉशर नको. जोराची धार बेअरिंग आणि बिजागऱ्यांतले ग्रीस उडवते आणि पत्र्यांच्या सांध्यांत पाणी घुसवते. ते पाणी तिथेच साचून महिनोन्‌महिने आतून धातू खात राहते. साधा नळीचा फवारा पुरतो. शाम्पू मात्र सौम्य, उदासीन पीएचचा हवा. 10 लिटर पाण्याला साधारण 30 मिलिलिटर पुरतो, तरी बाटलीवरचे प्रमाण पाहूनच घ्या. स्वयंपाकघरातले किंवा गॅरेजमधले तीव्र अल्कधर्मी डीग्रीझर आणू नका. ते ॲल्युमिनियमवर हल्ला करतात, आणि उच्च ताकदीच्या पोलादी भागांत त्यांच्यामुळे हायड्रोजन शिरून ठिसूळपणा येऊ शकतो. विमानासाठीचा क्लीनर घेणार असाल तर लेबलवर एमआयएल-पीआरएफ-85570 किंवा एमआयएल-पीआरएफ-87937 हे अमेरिकी लष्करी मानक आहे का, ते बघा.

सुरुवातीला मास्टर (मुख्य विजेचा) आणि मॅग्नेटो (इंजिनाच्या ठिणगीचा) स्विच बंद करून किल्ली काढून घ्या, आणि तरीही प्रोपेलर केव्हाही फिरेल असे समजूनच त्याच्याजवळ वावरा. विमान सावलीत घ्या आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबा. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळला की डाग पडतात. पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी), स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारे छिद्र), इंधन टाकीचे श्वासछिद्र, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याची, सूचना देणारी पट्टी, चाके आणि ब्रेक झाका. मग नुसत्या पाण्याने धूळ वाहवून टाका. धूळ अंगावर असताना फडके फिरवणे म्हणजे रंगावर सँडपेपर घासणेच आहे. मळ जास्त असेल तर साबण खालून वर लावत जा, नाहीतर वरून ओघळलेल्या साबणाचे पट्टे कोरड्या मळावर उमटतात. खळखळून धुणे मात्र वरून खाली. दोन बादल्या ठेवा, एक साबणाची आणि एक फडके पिळण्याची, आणि एका वेळी अर्धाच पंख घ्या. पंखांच्या कडांवर चिकटलेले किडे घासू नका. ओले फडके दहा मिनिटे त्यांच्यावर ठेवले की ते सुटून येतात. प्रोपेलरच्या हबवर, म्हणजे मधल्या गाभ्यावर, धार मारू नका, पाती ओल्या फडक्याने पुसा.

धुणे झाल्यावर एलेरॉन, एलेव्हेटर आणि रडर हे पंख व शेपटीचे हलते भाग पूर्ण हलवा आणि त्यांच्या खालच्या कडेची निचऱ्याची छिद्रे मोकळी आहेत ना, ते बघा. आत पाणी राहिले तर मागची कड जड होते, वस्तुमानाचा तोल ढळतो आणि फ्लटरचा, म्हणजे उडताना तो भाग जोरात थरथरण्याचा, धोका उभा राहतो. थंडीत ते आत गोठते, मग निघतही नाही. शेवटी बिजागऱ्यांना आणि लँडिंग गियरला देखभाल-पुस्तिकेत सांगितलेले वंगण द्या. ओलिओ स्ट्रटचा (चाकावरच्या धक्काशोषक दांड्याचा) चकचकीत भाग 5606 क्रमांकाच्या हायड्रॉलिक द्रवाने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा, कारण तिथे बसलेली वाळूच सील कापते. मग टाक्यांच्या तळातून इंधनाचा नमुना घ्या. झाकणाचे सील जुने असले तर धुताना पाणी आत गेलेले असते.

प्रश्न : स्टॅटिक पोर्ट झाकायला कोणती टेप घ्यावी? रुपेरी टेप सगळ्यांत घट्ट बसते.

उत्तर : रुपेरी तर मुळीच नको. 2 ऑक्टोबर 1996 रोजी एरोपेरूचे बोइंग 757 लिमाहून उडाले आणि समुद्रात कोसळले. विमानातले 70 ही जण गेले. धुऊन पॉलिश करताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहिली होती. धातूच्याच रंगाची असल्याने ती तपासणीतही कुणाला दिसली नाही. रात्रीच्या उड्डाणात वैमानिकांना उंची आणि वेग, दोन्ही चुकीचे दिसत राहिले. छोट्या विमानातही वेग, उंची आणि चढ-उतार दाखवणारी तिन्ही उपकरणे त्याच छिद्रावर अवलंबून असतात.

शक्यतो लाल फीत लोंबणारे तयार प्लग वापरा. टेपच वापरायची असेल तर भडक रंगाची, रंगकामासाठीची आणि चिकट डाग न सोडणारी घ्या. तिचे टोक बोटभर दुमडून लोंबते ठेवा. किती ठिकाणी झाकले तो आकडा कागदावर लिहून कागद कंट्रोल योकला (वैमानिकापुढच्या सुकाणूला) बांधा. धुऊन झाल्यावर तेवढेच तुकडे हातात आले पाहिजेत. छिद्राच्या कडेला वॅक्सही लागू देऊ नका.

प्रश्न : पोटाखालचा काळा-राखाडी थर साबणाने हलत नाही. पेट्रोलने पुसू का?

उत्तर : पेट्रोल नको, त्यात आगीचा धोका आहे. तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आलेले तेल, त्यात ज्वलनातले पाणी आणि आम्लही असते. दुसरी म्हणजे एक्झॉस्टमधले शिसे. 100एलएल या पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये लिटरला जास्तीत जास्त 0.56 ग्रॅम शिसे असते. ते सिलिंडरमध्ये साचू नये म्हणून ब्रोमीनचे संयुग घातलेले असते, आणि शिशाची ब्रोमाइडे धुरासोबत बाहेर पडून मागच्या पत्र्यावर बसतात. दमट हवेत हा थर रंगालाही खातो आणि जिथे ओरखडा असेल तिथे धातूलाही. म्हणूनच पोट आठवड्याला पुसलेले चांगले, मग बाकीचे विमान महिन्याने धुतले तरी चालते.

तेलासाठी मिनरल स्पिरिटने ओलसर केलेले सुती फडके घ्या, तेही हँगरची दारे उघडी ठेवून आणि जवळ कुठलाही हीटर चालू नसताना. आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात रंगावर लावून पाहा. त्यानंतर विमानाचा क्लीनर लावून पाच मिनिटे थांबा, पण वाळू देऊ नका, आणि भरपूर पाण्याने धुवा. हा थर कोरडा खरवडू नका, पॉलिश पेपर तर नकोच. शिशाची भुकटी श्वासात जाते. नायट्राइल हातमोजे घाला, फडकी वेगळी ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पुसल्यावर तेलाचा ओघळ नेमका कुठून येतो ते बघून घ्या. पोट स्वच्छ असले तरच नवी गळती दिसते.

प्रश्न : विंडशील्डमध्ये उन्हात चमकणाऱ्या जाळीसारख्या बारीक चिरा पडल्या आहेत. घरातला काच पुसायचा फवारा वापरत होतो.

उत्तर : तो फवारा आजच बंद करा. विंडशील्ड काचेची नाही, ॲक्रिलिकची असते. अमोनिया असलेले काचेचे क्लीनर, अल्कोहोल, ॲसिटोन, पेट्रोल, थिनर, यांतले काहीही तिला चालत नाही. वाकवून बसवलेल्या ॲक्रिलिकमध्ये ताण असतोच. रसायनाने तो ताण सुटतो तो अशा चिरांच्या रूपात. पडलेल्या चिरा पॉलिशने जात नाहीत. त्या कडेच्या स्क्रूंजवळ असतील किंवा नखाला लागत असतील तर अभियंत्याला दाखवा, विंडशील्ड बदलावी लागू शकते.

पुढे असे करा : अंगठी आणि घड्याळ काढा, भरपूर पाणी सोडून नुसत्या तळहाताने धूळ सोडवा, मग ॲक्रिलिकसाठीचा क्लीनर स्वच्छ मऊ सुती किंवा मायक्रोफायबर फडक्याने लावा. फडके खाली-वर फिरवा, गोल नको. गोल ओरखडे सूर्य समोर असताना डोळ्यांवर चमकतात. कागदी टॉवेल वापरू नका. विंडशील्डची फडकी वेगळ्या पिशवीत ठेवा, त्यातले एकदा जरी जमिनीवर पडले तरी ते चाके पुसायला काढा.

प्रश्न : बारा वर्षांचा रंग खडूसारखा झाला आहे. मशीनने पॉलिश करू की थेट सिरॅमिक कोटिंग लावू?

उत्तर : थेट सिरॅमिक लावले तर तो खडूच त्याखाली बंद होईल. आधी रंग किती उरलाय ते ठरवा. विमानावर प्रायमर धरून रंग साधारण 75 ते 125 मायक्रॉन असतो, आणि रिव्हेटच्या डोक्यावर व पत्र्याच्या कडेला तो सर्वांत पातळ. मशीन तिथेच आधी धातूपर्यंत पोहोचते. ड्युअल-ॲक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारे), मऊ फोम पॅड, कमी वेग आणि एका वेळी 60 सेंटिमीटरचा चौकोन, एवढेच घ्या. रिव्हेटच्या ओळी हाताने करा. पॅडवर रंग येऊ लागला तर तुमचा रंग कोणता ते आठवा : वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नसेल तर ते अपेक्षितच आहे, क्लिअर कोट असेल तर तो संपला, तिथेच थांबा. धातू दिसलाच तर वॅक्स त्यावर उपाय नाही. रासायनिक संरक्षक थर, प्रायमर आणि रंग, या क्रमाने ती जागा भरून घ्या.

पॉलिश झाल्यावर चांगले वॅक्स पुरेसे असते, आणि आमचा कल तिकडेच आहे. पंख व शेपटीच्या पुढच्या कडा, काउलिंगचे (इंजिनावरच्या आवरणाचे) नाक आणि स्पिनर (प्रोपेलरवरची टोपी) यांवर थर जरा जाड ठेवा, कारण धूळ-खडीचा मार तिथेच बसतो. पाय ठेवायच्या जागी वॅक्स नको, घसरायला होते. सिरॅमिक जास्त टिकते, पण त्याआधीची तयारी चोख लागते आणि खड्याचे टवके त्यानेही थांबत नाहीत. सिलिकॉन असलेली उत्पादने जपून वापरा. पुढे रंग द्यायचा झाला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

प्रश्न : रिव्हेटभोवती रंगाखाली अळी सरपटल्यासारख्या बारीक फुगीर रेषा दिसतात. वॅक्सने थांबतील का?

उत्तर : नाही. हा फिलिफॉर्म गंज आहे. रंग भेगाळलेल्या जागेतून दमटपणा आत शिरतो आणि गंज रंगाखालून धाग्यासारखा पुढे सरकतो. रंग देण्यापूर्वी पत्र्याची तयारी कमी पडलेली असली की तो लवकर दिसू लागतो. रंग काढून, गंज साफ करून, संरक्षक थर देऊन पुन्हा रंगवणे हाच उपाय. तारेचा ब्रश किंवा स्टील वूल मात्र वापरू नका. लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथे नवा गंज सुरू करतात.

प्रश्न : आमचे विमान न रंगवलेले आहे. दर महिन्याला आरशासारखे पॉलिश करतो. चूक आहे का?

उत्तर : महिन्याला फार होते. अशा पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, आणि आतल्या मिश्रधातूचे गंजापासून रक्षण तोच करतो. 0.8 मिलिमीटरच्या 2024 ॲलक्लॅड पत्र्यावर (2024 हा आतला मिश्रधातू, ॲलक्लॅड म्हणजे असा थर असलेला) तो बाजूला फक्त 0.04 मिलिमीटरच्या आसपास असतो. प्रत्येक पॉलिश त्यातलेच थोडे खाते. वर्षातून एकदा हलके पॉलिश करा, मधल्या काळात धुणे आणि वॅक्स.

प्रश्न : गेल्याच महिन्यात नवा रंग दिला. वॅक्स कधी लावू?

उत्तर : रंग पूर्ण पिकल्यावर, म्हणजे आतपर्यंत घट्ट झाल्यावर. रंगाप्रमाणे ही मुदत 30 ते 90 दिवसांपर्यंत जाते. तुमची नेमकी मुदत रंगाच्या तांत्रिक पत्रकात असेल. तोवर सौम्य साबण, गार पाणी आणि मऊ फडके, बाकी काही नको.