सहाणेवरचं गंध कोण उगाळतं?

"ताई, बहीण समजून लिहितोय. गेल्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. सारं आयुष्य लोकल, ऑफिस आणि हप्ते यात गेलं. आता उरलेला वेळ देवाजवळ घालवावा अशी फार इच्छा आहे. सकाळी सहाला देवघरापुढे बसतो. पूजेची तयारी सौ. पहाटे उठून करून ठेवते, त्यामुळे त्याची चिंता नाही. पण डोळे मिटले की मिक्सर सुरू होतो. मग कुकरच्या शिट्ट्या, मुलाच्या डब्याची गडबड, मध्येच 'चहा आता टाकू की नंतर?' सोसायटीच्या पुनर्विकासाच्या ग्रुपवर उजाडल्यापासून मेसेज. संध्याकाळी हरिपाठाला बसावं तर बाहेर सौ.ची मालिका. पूर्वी सकाळच्या लोकलला आमचं भजनी मंडळ होतं. पाळीपाळीनं हार आणायचो. त्या गर्दीत उभ्यानं टाळ वाजवताना जे मिळायचं, ते आता घरात बसून मिळत नाही. दिवाळीनंतर तीन महिने आळंदीला खोली घेऊन एकट्यानं राहावं असं मनात आहे. सौ. नाराज आहे. तिला कसं समजवावं?"
— एक वाचक, भांडुप

भाऊ,

बहीण म्हणालात, म्हणून बहिणीच्या हक्कानं बोलते. तुमच्या चार पानांतलं थोडंच वर छापलं आहे. मूळ पत्रात मिक्सरवर पाऊण पान आहे, मालिकेवर त्याहून जास्त. वहिनी पहाटे उठून काय करतात, यावर मात्र एकच ओळ, आणि तीही "त्याची चिंता नाही" म्हणून संपवलेली. मी त्या ओळीपाशी अडले. पुढचं सगळं पत्र मला त्या ओळीतूनच दिसायला लागलं.

पूजेची तयारी म्हणजे काय असतं, ते जरा सांगू द्या. कालचं निर्माल्य काढायचं. ताम्हण, पळी, पंचपात्र घासायचं, कारण तांब्याला हात लागला नाही तर ते लगेच काळवंडतं. कापसाच्या वाती वळायच्या, निरांजनात तूप घालायचं. दूर्वा निवडायच्या. बाजारातल्या जुडीत निम्मं नुसतं गवत असतं, त्यातून कोवळे अंकुर वेगळे करायचे आणि 21 झाले की दोऱ्यानं बांधायचे. मग सहाण घ्यायची. तिच्यावर दोन थेंब पाणी, हातात चंदनाचं खोड, आणि गोल गोल फिरवत राहायचं. घाई केली तर नुसतं पांढुरकं पाणी जमतं. हात सावकाश, एका लयीत फिरत राहिला की मग कुठे बोटावर धरेल असं दाट गंध उतरतं. तेवढा वेळ दुसरं काही करता येत नाही. हात ओले असतात, फोन उचलता येत नाही. घर झोपलेलं असतं, कुणाशी बोलायचं नसतं. मन आपोआप त्या हाताबरोबर फिरायला लागतं.

जी शांतता शोधायला तुम्ही आळंदीला निघालात, ती तुमच्याच घरात पहाटे पाच वाजता असते, भाऊ. तेव्हा तुम्ही झोपलेले असता. तुम्ही आंघोळ करून पाटावर येता तोवर सगळं संपलेलं असतं आणि वहिनींना डब्याच्या मागे लागावं लागतं. तुमच्या वाट्याला आयतं ताट येतं आणि मिक्सर येतो. त्या पूजेत तुमचं मन लागत नाही याचं मला नवल वाटत नाही. पूजेचा मुरत जाणारा भाग तुम्ही दुसऱ्याच्या हाती दिला आहे.

मिक्सर का सुरू होतो, हेही तुम्हीच लिहिलंय. मुलाचा डबा. चहाचं कोण विचारतं आणि कुणासाठी विचारतं? "आता टाकू की नंतर?" या प्रश्नाला तुम्ही अडथळा म्हणता. मला त्यात एक बाई दिसते, जी तुमची पूजा मोडू नये म्हणून स्वतःचा चहा थांबवून उभी आहे.

आणि त्या लोकलचं काय? भांडुपहून निघालेल्या गाडीत घाटकोपरला, कुर्ल्याला, दादरला काय होतं ते मुंबईत वेगळं सांगायला नको. त्या डब्यात कसली आली शांतता! तरी तुम्ही तल्लीन व्हायचात, कारण टाळ तुमच्या हातात होता आणि हाराची पाळी आली की तो तुम्ही स्वतः आणत होतात. धक्के खात, घाम गाळत तुम्ही देवाचं काहीतरी करत होतात. तुमची ओढ खरी आहे याबद्दल मला तिळभर शंका नाही. आयुष्यभर गाडीत उभं राहून ज्यानं नाव घेतलं, त्याला आता बसून घ्यावंसं वाटतं, हे किती साहजिक आहे. वाईट वाटतं ते याचं, की इतकी चांगली ओढ तुम्ही मिक्सरशी भांडण्यात खर्च करताय.

तुम्ही पत्रात तुकोबांच्या एकांताचा दाखला दिला आहे. तुकोबा देहूजवळच्या भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, हे खरंच. त्या एकांताचं मोल मी कमी करणार नाही. पण ती गोष्ट अर्धीच सांगू नका. दुष्काळानं घराची धूळधाण केली होती, पदरी मुलं होती, आणि जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढत होत्या. चढताना त्या विठ्ठलाला 'काळ्या' म्हणून बोल लावायच्या, यानंच माझा संसार बुडवला म्हणायच्या. एकदा त्यांच्या पायात काटा रुतला, तेव्हा तो काढायला पांडुरंग स्वतः आला, अशी कथा त्या भागात आजही श्रद्धेनं सांगतात. वर डोंगरावर त्याचा एवढा मोठा भक्त नामात बुडालेला, आणि देव मात्र खाली वाटेवर बसला, शिव्या देणाऱ्या बाईचा पाय हातात घेऊन. वहिनींच्या टाचांकडे तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?

आता काय करायचं ते. उद्यापासून पूजेची सगळी तयारी तुम्ही करायची. निर्माल्यापासून गंधापर्यंत सगळी. पाचला तुम्ही उठा आणि वहिनींना झोपू द्या. दूर्वा कशा निवडायच्या ते आज रात्री त्यांच्याकडून शिकून घ्या. भांडी पितांबरीनं घासा, मग चिंच कशाला हेही त्या सांगतील. पहिले काही दिवस गंध पातळ होईल, वाती सैल वळल्या जातील, चालेल. देवाला तेवढं चालतं. "उद्या मी करतो" असं चारचौघांत जाहीर करू नका, मुलाला कौतुकानं सांगू नका, फोटो काढू नका. गुपचूप उठा आणि करा.

आणि एक महत्त्वाचं. वाचलेल्या वेळात वहिनींनी काय करावं, यात अजिबात पडू नका. "आता तूही जरा नामस्मरण कर" असं चुकूनही म्हणू नका. त्यांना झोपायचं असेल तर झोपू देत. इतक्या वर्षांची झोप बाकी आहे. संध्याकाळची मालिकाही चालू राहू द्या. दिवसभरात त्या कुणाचं काही न करता बसतात, असा तेवढाच वेळ तुमच्या पत्रात मला सापडला. हरिपाठाला तुम्हीच आतल्या खोलीत जा, दार ओढून घ्या. फोन रात्री झोपतानाच कपाटात ठेवा. पुनर्विकासाचा निर्णय सकाळी सहाला कुणी घेत नाही.

सौ.ला कसं समजवावं, हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते. त्यांना समजवायचं काही उरलेलंच नाही, त्या नाराज आहेत ते योग्यच आहे.

राहिली आळंदी. दिवाळीनंतर म्हणजे कार्तिकी आली. कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली त्या तिथीला, तिथे मुंगीला जागा नसते. खोलीचे पैसे भरले नसतील तर भरू नका. भरले असतील तर सोहळ्याची गर्दी ओसरली की दोघं मिळून चार दिवस जा. पहाटे इंद्रायणीवर जा, समाधीचं दर्शन घ्या. खोलीवर स्टोव्ह नेऊ नका. चारही दिवस जेवण बाहेर घ्या, आणि वहिनींना काय आवडतं ते आधी विचारा.

तुमची बहीण